कामाची फेररचना आणि संस्थेची कामगिरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काम कोणत्या टप्प्यांत विभागले आहे, एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे ते कसे सोपवले जाते आणि वाटेत कोणाच्या संमतीसाठी थांबते, या तीन गोष्टींवर संस्थेची कामगिरी मोठ्या प्रमाणात ठरते. व्यवस्थापनाच्या चर्चांमध्ये मात्र या गोष्टींना सर्वांत कमी वेळ मिळतो आणि प्रशिक्षण, प्रेरणा, शिस्त व मूल्यमापन यांनाच बहुतेक जागा दिली जाते. कामाची रचना बदलण्याचा विचार करणारे संस्थाप्रमुख, विभागप्रमुख आणि त्या बदलातून जावे लागणारे कर्मचारी सहसा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

कामाची फेररचना म्हणजे नेमके काय? पदांचा तक्ता बदलणे म्हणजेच फेररचना का?

नाही. पदांचा तक्ता कोण कोणाच्या हाताखाली आहे एवढेच सांगतो; काम प्रत्यक्षात कोणत्या वाटेने जाते हे त्यावरून कळत नाही. एखादा अर्ज, मागणी किंवा तक्रार संस्थेत आल्यापासून निकाली निघेपर्यंत किती हातांतून जाते, त्यातील प्रत्येकाला तिच्याविषयी किती माहिती असते, कोणता निर्णय कोण घेतो आणि चूक झाल्यास ती कोणाच्या व किती उशिरा लक्षात येते, या सगळ्याची आखणी म्हणजे कामाची रचना होय. दोन विभाग एकत्र केले, पदनामे बदलली, नवे संचालक नेमले, तरी अर्जाची वाट तीच राहिली असेल तर फेररचना झालेली नसते. याउलट एकही पद न हलवता केवळ एक अनावश्यक मंजुरी काढून टाकली आणि त्यामुळे कामाचा कालावधी घटला, तर ती खरी फेररचना असते.

कामगिरी खालावली असेल तर दोष माणसांचा असतो की रचनेचा?

दोन्ही शक्य आहे, परंतु शोध रचनेपासून सुरू करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. गुणवत्ता व्यवस्थापनाचे प्रणेते डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी आयुष्यभर हेच मांडले की बहुसंख्य दोष व्यवस्थेतून निर्माण होतात आणि व्यवस्था बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडेच असल्यामुळे त्या दोषांची जबाबदारीही व्यवस्थापनाचीच असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील मोटार कारखान्याचे आहे. जनरल मोटर्सने तो १९८२ मध्ये बंद केला. गैरहजेरी, वारंवारचे तंटे आणि निकृष्ट गुणवत्ता यांसाठी तो कुप्रसिद्ध होता, आणि तेथील कामगार सुधारण्यापलीकडचे आहेत असे समजले जात होते. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांच्या संयुक्त उपक्रमाने तोच कारखाना पुन्हा सुरू केला, तेव्हा घेतलेले बहुतेक कामगार जुनेच होते आणि कामगार संघटनाही तीच होती. बदलली ती कामाची पद्धत. लहान गट केले गेले, गटातील प्रत्येकाला अनेक कामे शिकवली गेली, कामाची प्रमाणित पद्धत लिहिण्यात कामगारांना सहभागी करून घेतले गेले, आणि दोष दिसताच दोरी ओढून मदत मागण्याचा व गरज पडल्यास संपूर्ण जोडणी थांबवण्याचा अधिकार साध्या कामगाराला मिळाला. थोड्याच काळात त्या कारखान्याच्या मोटारींची गुणवत्ता जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांहून सरस ठरली आणि गैरहजेरीही झपाट्याने घटली.

या कथेचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो. हीच पद्धत स्वतःच्या अन्य कारखान्यांत नेणे जनरल मोटर्सला कित्येक वर्षे जड गेले. दोरी बसवणे सोपे होते. कामगाराने ती ओढल्यावर त्याच्यावर न रागावता मदतीला धावून जाणारा पर्यवेक्षक तयार करणे अवघड होते.

कामाचे लहान तुकडे करून ते वाटून देणे हाच कार्यक्षमतेचा मार्ग नाही का?

तो एक मार्ग आहे आणि त्याची ताकद नाकारण्यात अर्थ नाही. अॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये टाचण्यांच्या कारखान्याचे जे वर्णन केले, त्यात दहा माणसे कामाची विभागणी करून दिवसाला ४८,००० पर्यंत टाचण्या बनवत होती. एकेकट्याने ते काम पूर्ण करायचे ठरवले असते तर प्रत्येकाच्या हातून दिवसाला वीसही टाचण्या झाल्या नसत्या, असा त्यांचा अंदाज होता. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात १९१३ मध्ये सरकता पट्टा आला आणि मोटारीच्या सांगाड्याच्या जोडणीला लागणारा वेळ सुमारे साडेबारा तासांवरून वर्षभरात सुमारे दीड तासावर आला.

परंतु त्याच वर्षी त्या कारखान्यातील कामगारांच्या सोडून जाण्याचे प्रमाण ३७० टक्क्यांवर पोहोचले होते, म्हणजे एकेक जागा टिकवण्यासाठी वर्षातून जवळपास चार वेळा नवा माणूस घ्यावा लागत होता. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी दिवसाला पाच डॉलर मोबदला जाहीर केला आणि कामाचे तास नवावरून आठ केले. तो निर्णय बहुधा त्यांच्या औदार्याचा नमुना म्हणून सांगितला जातो, पण त्यामागे तुकड्या-तुकड्यांच्या कामाने उभा केलेला खर्च होता हे विसरू नये.

दुसरा धडा ब्रिटनच्या कोळसा खाणींतून मिळाला. तेथे यंत्रे आल्यावर काम तीन पाळ्यांत विभागले गेले: एका पाळीने कोळसा कापायचा, दुसरीने वाहक पट्टा पुढे सरकवायचा, तिसरीने कोळसा भरून बाहेर पाठवायचा. आधीच्या पाळीने काम अर्धवट सोडले की त्याचा भुर्दंड पुढच्या पाळीला बसे, तरी तीनही पाळ्या एकमेकींना भेटत नसत, आणि प्रत्येकीचा मोबदला स्वतंत्रपणे ठरत असे. यंत्रे उत्तम असूनही उत्पादन अपेक्षेइतके वाढले नाही. गैरहजेरी आणि परस्परांवरचे दोषारोप मात्र वाढले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे एरिक ट्रिस्ट आणि स्वतः पूर्वी खाणकामगार असलेले केन बॅमफोर्थ यांनी १९५१ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे काही खाणींत असे संमिश्र गट दिसून आले, ज्यांतील माणसे सर्व कामे जाणत होती, पाळ्या आपसात ठरवत होती आणि मोबदला सामाईक घेत होती. त्याच यंत्रांवर या गटांची कामगिरी अधिक चांगली होती. यंत्राची आणि माणसांच्या गटाची आखणी एकत्रच करावी लागते, हा विचार तेथून रूढ झाला.

म्हणून विभागणी करावी की नाही हा प्रश्नच अपुरा आहे. विभागणीमुळे प्रत्येक टप्पा वेगवान होतो आणि टप्प्यांमधले सांधे, म्हणजे काम एकाकडून दुसऱ्याकडे सोपवण्याच्या जागा, वाढतात. काम एकसारखे, अंदाज बांधता येण्याजोगे आणि मोठ्या संख्येने येणारे असेल, तर टप्प्यांच्या वेगाचा फायदा सांध्यांच्या तोट्याहून मोठा ठरतो. प्रत्येक प्रकरण वेगळे असेल आणि त्यात विवेकाने निर्णय घ्यावे लागत असतील, तर चित्र उलटे होते. आजच्या कार्यालयांतील बहुतेक काम दुसऱ्या प्रकारचे असूनही ते पहिल्या प्रकारासारखे वाटून दिले जाते, ही आमच्या दृष्टीने सर्वांत खर्चिक चूक आहे.

फेररचनेची सुरुवात कोठून करावी?

एका प्रकरणापासून. नुकतीच पूर्ण झालेली चार-पाच सामान्य प्रकरणे निवडावीत; अपवादात्मक गुंतागुंतीची किंवा फार सोपी नकोत. त्यांचा प्रवास पहिल्या नोंदीपासून शेवटच्या सहीपर्यंत प्रत्यक्ष मागोवा घेऊन लिहावा. प्रत्येक टप्प्यावर दोन वेळा वेगळ्या नोंदवाव्यात: त्या कामावर कोणी खरोखर किती वेळ हात ठेवला, आणि ते काम तेथे एकूण किती काळ पडून होते. समजा सहा टप्पे आहेत आणि प्रत्येकाला वीस मिनिटे लागतात, तर एकूण काम दोन तासांचे आहे. पण प्रत्येक टेबलावर ते सरासरी दीड दिवस थांबत असेल, तर अर्जदाराला नऊ दिवस लागतात. अशा वेळी वीस मिनिटांचे पंधरा मिनिटांवर आणण्यासाठी केलेले सर्व प्रशिक्षण आणि सर्व तगादा त्या नऊ दिवसांत अर्ध्या तासाचा फरक पाडतो. नऊ दिवस सांध्यांत गेलेले असतात.

हा मागोवा घेताना नियमपुस्तिकेतील प्रक्रिया लिहून चालत नाही. जे काम करतात त्यांच्या शेजारी बसून पाहावे लागते, कारण प्रत्येक अनुभवी कर्मचाऱ्याने नियमांतील खाचखळगे चुकवण्यासाठी स्वतःच्या वाटा काढलेल्या असतात: एखादी खासगी वही, ओळखीच्या सहकाऱ्याला केलेला फोन, आधीच भरून ठेवलेला नमुना. त्या वाटा बंद करण्याची घाई करू नये. रचना कोठे तुटली आहे हे त्याच अचूक दाखवतात.

मागोवा पूर्ण झाल्यावर प्रत्येक सांध्याला तीन प्रश्न विचारावेत. हे काम येथे दुसऱ्याकडे का द्यावे लागते? देताना कोणती माहिती गळते? आणि पुढच्या व्यक्तीला शंका आली तर ती मागच्या व्यक्तीला विचारू शकते का, की काम सरळ परत पाठवले जाते? परत आलेल्या कामांची संख्या बहुतेक संस्थांमध्ये मोजलीच जात नाही. ती मोजली की कोठे हात घालायचा हे आपोआप स्पष्ट होते.

सर्व कर्मचारी दिवसभर व्यग्र असतात, तरीही कामे रखडतात. असे का होते?

बऱ्याचदा ते पूर्ण व्यग्र असतात म्हणूनच. हे विधान प्रथम ऐकताना पटत नाही, पण त्यामागे रांगांचे गणित आहे. कामे ठरावीक अंतराने न येता अनियमितपणे येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमी-जास्त असेल, तर एका टेबलाच्या साध्या रांगेत सरासरी प्रतीक्षा पुढीलप्रमाणे वाढते. टेबल ५० टक्के वेळ व्यग्र असेल तर प्रतीक्षा एका कामाच्या वेळेइतकी असते. ८० टक्क्यांना ती चौपट, ९० टक्क्यांना नऊपट आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट होते. व्यग्रता ९० वरून ९५ टक्क्यांवर नेणारा व्यवस्थापक पाच टक्के वेळ वाचवतो आणि रांग दुप्पट करतो.

प्रत्येक कर्मचाऱ्याचा एकही मिनिट रिकामा जाऊ नये हे उद्दिष्ट म्हणूनच घातक आहे. ज्या टप्प्यावर अनिश्चितता जास्त आहे तेथे थोडी मोकळीक मुद्दाम राखून ठेवावी लागते. अग्निशमन दलाकडून कोणी शंभर टक्के व्यग्रतेची अपेक्षा करत नाही. अनिश्चितता कमी करणे हा दुसरा उपाय आहे. अर्ज अपूर्ण येत असतील तर तो अर्जच सोपा करणे, किंवा कामे आठवड्याच्या शेवटी एकगठ्ठा पाठवण्याऐवजी रोजची रोज पाठवणे, अशा साध्या बदलांनीही रांग आटते. तिसरा उपाय म्हणजे चार टेबलांसमोरच्या चार वेगळ्या रांगांऐवजी एकच सामाईक रांग ठेवणे, म्हणजे एक टेबल रिकामे असताना दुसऱ्यासमोर काम तुंबत नाही. त्यासाठी मात्र चौघांनाही ती सर्व कामे यायला हवीत, आणि येथे कौशल्यांच्या विस्ताराचा प्रश्न थेट कामगिरीशी जोडला जातो.

एकाच वेळी किती कामे हाती घ्यावीत?

सध्या घेतली जातात त्याहून कमी. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की हाती असलेल्या कामांची सरासरी संख्या ही दररोज पूर्ण होणारी कामे आणि प्रत्येक कामाला लागणारे दिवस यांच्या गुणाकाराइतकी असते. विभागात १२० प्रकरणे सुरू असतील आणि दिवसाला दहा निकाली निघत असतील, तर प्रत्येकाला सरासरी बारा दिवस लागणारच. निकाली काढण्याचा वेग तोच ठेवून सुरू प्रकरणे साठावर आणली, तर कालावधी सहा दिवसांचा होतो. सगळ्यांचे काम लगेच सुरू केल्याने सगळ्यांना समाधान वाटते खरे, पण त्यामुळे सगळ्यांचेच काम उशिरा पूर्ण होते.

काम मागे पडले असेल तर आणखी माणसे दिल्याने ते लवकर पूर्ण होईल का?

वाटून देता येणारे, शिकवावे न लागणारे काम असेल तर होईल. ज्ञानावर आधारलेल्या कामात मात्र बहुधा उलटे घडते. आयबीएमच्या एका मोठ्या संगणक प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये हे निरीक्षण नोंदवले की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली की त्याला आणखी उशीर होतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो, आणि परस्पर संवादाच्या वाटा माणसांपेक्षा फार वेगाने वाढतात: पाच जणांत दहा, दहा जणांत पंचेचाळीस, पंधरा जणांत एकशे पाच. उशिराच्या कामात व्याप्ती कमी करणे हा अप्रिय असला तरी जास्त भरवशाचा उपाय आहे.

विभाग कौशल्यानुसार असावेत की सेवेनुसार?

कौशल्यानुसार विभाग केले, म्हणजे सर्व लेखापाल एका ठिकाणी आणि सर्व अभियंते दुसऱ्या ठिकाणी बसवले, तर त्या त्या विद्येची खोली टिकते आणि नवख्यांना शिकायला जाणते सहकारी मिळतात. पण ग्राहकाचे प्रत्येक काम विभागांच्या सीमा ओलांडत जाते. सेवेनुसार किंवा उत्पादनानुसार गट केले तर काम एकाच गटात पूर्ण होते; मात्र गटागणिक कौशल्यांची पुनरावृत्ती होते आणि एकटा पडलेला तज्ज्ञ कालांतराने मागे पडतो. दोन्ही साधण्यासाठी एका माणसाला दोन वरिष्ठ देण्याची पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेच्या अवकाश व विमान उद्योगातून पसरली. ती चालू शकते, परंतु दोन वरिष्ठांमधील वाद ठरावीक दिवसांत सोडवणारी व्यवस्था नसेल, तर तो वाद हाताखालच्या माणसाला आपल्या अंगावर झेलावा लागतो.

निवड करताना एक कसोटी उपयोगी पडते. ज्या लोकांना रोज एकमेकांना विचारून निर्णय घ्यावे लागतात त्यांना एका गटात ठेवावे. ज्यांना महिन्यातून एकदा बोलावे लागते त्यांच्यात भिंत असली तरी चालते. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडले होते की संस्था ज्या प्रणाली घडवते त्यांची रचना त्या संस्थेतील संवादाच्या रचनेची प्रतिकृती असते. तीन विभागांनी मिळून बनवलेल्या सेवेला तीन तुकड्यांचे रूप येते आणि ते तुकडे जोडण्याचे काम नकळत ग्राहकावर पडते. एकच माहिती तीन अर्जांत तीनदा लिहावी लागते, ती यामुळेच.

निर्णयाचा अधिकार कोणत्या पातळीवर असावा?

निर्णयाला लागणारी माहिती जेथे असते त्याच्या शक्य तितक्या जवळ. नेदरलँड्समध्ये २००६ साली यॉस द ब्लॉक यांनी सुरू केलेली बुर्टझोर्ग ही घरपोच शुश्रूषा देणारी संस्था याचा खूप अभ्यासलेला नमुना आहे. त्याआधी तेथील शुश्रूषेचे मिनिटांवर मोजलेले तुकडे पडले होते. इंजेक्शन एकीने द्यायचे, पट्टी दुसरीने बदलायची, वेळापत्रक तिसरीकडेच कोणी आखायचे. बुर्टझोर्गमध्ये जास्तीत जास्त बारा परिचारिकांचा गट आपल्या परिसरातील रुग्णांची संपूर्ण जबाबदारी घेतो. कोणाकडे कोण जाणार, सुट्ट्या कशा वाटायच्या, नवी सहकारी कोणती घ्यायची, हे सर्व गटच ठरवतो. गटाला पर्यवेक्षक नसतो. अडचण आल्यास बोलावता येणारा मार्गदर्शक असतो, आणि सर्व गटांना जोडणारी संगणकीय व्यवस्था असते. अशा रचनेत काही हजार परिचारिकांची संस्था अगदी लहान मुख्यालयावर चालते.

या उदाहरणातून अनेक जण केवळ पर्यवेक्षक काढून टाकण्याचा भाग उचलतात आणि पस्तावतात. गट लहान होते, सभासद प्रशिक्षित व्यावसायिक होत्या, कामाचे फलित त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होते आणि गरज पडल्यास मदत ठरलेली होती. या चार अटींशिवाय दिलेला अधिकार म्हणजे वाऱ्यावर सोडणे होय. आणखी एक गोष्ट लेखी असावी लागते: कोणत्या मर्यादेपर्यंत विचारायची गरज नाही. ती मर्यादा संदिग्ध असेल तर सावध माणसे सगळेच वर पाठवतात.

सांधा काढून टाकणे शक्यच नसेल तर?

मग तो घट्ट करावा. रुग्णालयात डॉक्टरांची पाळी बदलणे टाळता येत नाही. अमेरिका आणि कॅनडातील नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत, पाळी बदलताना रुग्णाची माहिती ठरावीक क्रमाने सांगण्याची आणि ऐकणाऱ्याने ती आपल्या शब्दांत परत मांडण्याची पद्धत शिकवली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार टाळता येण्याजोग्या हानिकारक घटना ३० टक्क्यांनी घटल्या. शस्त्रक्रियेच्या सुरक्षेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या १९ कलमी तपासणी यादीचा अनुभव याला एक इशारा जोडतो. आठ रुग्णालयांतील पहिल्या अभ्यासात, जो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते. पुढे कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात १०१ रुग्णालयांत यादी लागू झाली तेव्हा मात्र लक्षणीय सुधारणा आढळली नाही. यादीमुळे माणसे थांबून एकमेकांशी बोलू लागतात का, हे पाहावे लागते; चौकटीत खुणा करून झाल्या म्हणजे सांधा घट्ट झाला असे नाही.

वरिष्ठांचे थर कमी केले तर काम वेगवान होते का?

थरांनी केवळ सह्या केल्या असतील तर होते. मधला थर वाद सोडवणे, नव्यांना शिकवणे आणि वरच्या अवास्तव मागण्या अडवणे ही कामे करत असेल, तर तो काढल्यावर ती कामे कोणाकडे जाणार हे आधी ठरवावे.

मोजमाप आणि प्रोत्साहन रक्कम यांचे काय? उद्दिष्टे दिल्याशिवाय लोक काम करतील का?

उद्दिष्टे असावीत, पण ती सांध्याच्या एकाच बाजूला असू नयेत. विक्री विभागाला करारांच्या संख्येवर आणि सेवा विभागाला खर्चाच्या बचतीवर तोलले, तर पहिला पाळता न येणारी वचने देतो आणि दुसरा ती मोडतो. दोघेही आपापल्या मोजमापात उत्तम ठरतात. स्टीव्हन कर यांनी १९७५ मध्येच दाखवून दिले होते की संस्था एका गोष्टीची आशा धरतात आणि बक्षीस दुसऱ्याच गोष्टीला देतात. वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेत एका ग्राहकाची जास्तीत जास्त खाती असावीत या उद्दिष्टाचा दबाव इतका वाढला की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या संमतीवाचून लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, आणि मधल्या काही वर्षांत सुमारे ५,३०० जणांना कामावरून काढले गेले होते. इतक्या माणसांचा स्वभाव एकाच वेळी बिघडत नाही.

आमची शिफारस अशी की अर्ज आल्यापासून समाधानकारक उत्तर मिळेपर्यंतचा कालावधी आणि पहिल्याच प्रयत्नात निर्दोष पूर्ण झालेल्या कामांचे प्रमाण ही दोन मोजमापे त्या कामाला हात लावणाऱ्या सर्वांची सामाईक असावीत. व्यक्तीनिहाय आकडे शिकवण्यासाठी जरूर वापरावेत. बक्षिसासाठी वापरले की लवकरच ते खोटे बोलू लागतात.

आधी संगणक प्रणाली आणावी की आधी रचना बदलावी?

आधी रचना. मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये फोर्ड कंपनीच्या देयक विभागाचे उदाहरण दिले होते. उत्तर अमेरिकेतील त्या विभागात ५०० हून अधिक माणसे होती, आणि संगणकाच्या साहाय्याने ती २० टक्क्यांनी कमी करण्याची योजना होती. मग लक्षात आले की माझ्दा कंपनी, जी अर्थातच बरीच लहान होती, हे काम पाच माणसांत करते. फोर्डची माणसे बहुतेक वेळ खरेदी आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचे बिल यांतील विसंगती शोधण्यात घालवत होती. नव्या रचनेत बिलच बाद केले गेले: माल आला की गोदामातील कर्मचारी तो संगणकावरील आदेशाशी ताडून पाहतो, जुळला तर स्वीकारतो आणि पैसे दिले जातात, जुळला नाही तर माल परत जातो. मनुष्यबळाची गरज ७५ टक्क्यांनी घटली. जुनी तिहेरी जुळवणी तशीच ठेवून संगणकावर आणली असती, तर चुका जास्त वेगाने शोधता आल्या असत्या, इतकेच.

म्हणजे फेररचना हे कर्मचारी कपातीचे सभ्य नाव आहे का?

१९९० च्या दशकात अनेक ठिकाणी ती तशीच वापरली गेली आणि त्यामुळे या विषयावरचा कर्मचाऱ्यांचा अविश्वास रास्त आहे. कपात करायचीच असेल तर ती उघडपणे, वेगळा निर्णय म्हणून आणि फेररचनेच्या आधी करावी. कामाचा मागोवा घेताना कर्मचाऱ्याने आपल्या टेबलावरील अनावश्यक काम प्रामाणिकपणे दाखवावे अशी अपेक्षा असते. ते दाखवल्यावर स्वतःचीच नोकरी जाणार असेल तर कोणीही दाखवणार नाही आणि कोणी दाखवूही नये. वाचलेल्या वेळेमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही असे लेखी आश्वासन देणे, आणि ते पाळणे, ही फेररचनेची पहिली अट आहे असे आम्ही मानतो. वाचलेला वेळ वाढत्या मागणीसाठी, प्रलंबित कामांसाठी किंवा नैसर्गिक निवृत्तीने रिक्त होणाऱ्या जागा भरून काढण्यासाठी वापरता येतो.

चार दिवसांचा आठवडा किंवा घरून काम, यांनी कामगिरी सुधारते का?

ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ कंपन्यांतील सुमारे २,९०० कर्मचाऱ्यांनी वेतन कमी न करता चार दिवसांचा आठवडा सहा महिने अनुभवला आणि प्रयोगानंतर ५६ कंपन्यांनी तो सुरू ठेवला. या कंपन्या स्वेच्छेने सहभागी झाल्या होत्या, त्यामुळे सर्वांना तोच अनुभव येईल असे म्हणता येत नाही. पण बैठका छाटणे आणि एकाग्रतेचे तास राखणे असे बदल त्या दडपणाखाली घडतात, हे त्यातून दिसते. घरून कामाबाबत ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवरील प्रयोग अधिक काटेकोर आहे: आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामगिरीत फरक पडला नाही आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. काम सोपवण्याच्या पद्धती लेखी आणि स्पष्ट असतील तर अंतराने फारसे बिघडत नाही. त्या पद्धती केवळ शेजारी बसून विचारण्यावर टिकून असतील, तर अंतर पडताच त्या कोसळतात.

अनुभवी कर्मचारी बदलाला विरोध करतात. तो कसा हाताळावा?

प्रथम तो ऐकावा, कारण त्यात बहुधा माहिती असते. ज्या तपासणीला अनावश्यक समजून काढले जात आहे ती पूर्वी कोणत्या प्रसंगानंतर आली होती हे त्यांनाच ठाऊक असते. दुसरे म्हणजे नव्या रचनेत त्यांना काय उरते हे प्रामाणिकपणे पाहावे. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात अर्थपूर्ण कामाची पाच लक्षणे मांडली: कौशल्यांची विविधता, कामाचा आरंभापासून शेवटापर्यंतचा अखंडपणा, त्याचे इतरांसाठी महत्त्व, स्वायत्तता आणि कामातूनच मिळणारा प्रतिसाद. नव्या रचनेमुळे या पाचांत कोणाचे नुकसान होत असेल तर त्याचा विरोध योग्य आहे आणि आराखड्यातच सुधारणा करायला हवी.

निकाल दिसायला किती काळ लागतो?

एका प्रकारच्या कामापुरता, एका गटात केलेला बदल काही आठवड्यांत आकड्यांत उतरू लागतो, पण त्याआधी कामगिरी थोडी घसरते, कारण जुन्या सवयी मोडलेल्या असतात आणि नव्या बसलेल्या नसतात. नेमक्या या घसरणीत अनेक संस्था घाबरून माघार घेतात. घसरण येणार हे आधीच जाहीर करावे, त्या काळापुरता कामाचा भार हलका करावा आणि जुन्या रचनेतील किमान दोन-तीन महिन्यांचे आकडे हाताशी ठेवावेत, म्हणजे तुलना आठवणींशी न होता नोंदींशी होते. संपूर्ण संस्थेची फेररचना एका तारखेपासून लागू करण्याच्या आम्ही विरोधात आहोत. तसे केल्यावर कोणत्या बदलाने काय घडले हे कोणालाही सांगता येत नाही.

जेमतेम सात-आठ जणांच्या संस्थेला याचा काही उपयोग आहे का?

आहे, फक्त तेथे सांधे वेगळ्या ठिकाणी असतात. लहान संस्थेत काम विभागांमध्ये अडकत नाही. ते प्रमुखाकडे अडकते, कारण प्रत्येक दर, प्रत्येक सवलत आणि प्रत्येक पत्र त्याच्या नजरेखालून जाते. एक आठवडाभर प्रमुखाने आपल्याकडे आलेला प्रत्येक प्रश्न आणि त्याला दिलेले उत्तर लिहून ठेवावे. आठवड्याच्या शेवटी ज्या प्रश्नांचे उत्तर दर वेळी एकच होते ते वेगळे काढावेत, ते उत्तर नियम म्हणून लिहावे आणि त्या प्रश्नांचा निर्णय संबंधित सहकाऱ्याकडे रकमेच्या किंवा कालावधीच्या स्पष्ट मर्यादेसह कायमचा सोपवावा. पुढील महिन्यात त्या निर्णयांतील जे चुकीचे वाटतील त्यांवर चर्चा करावी, पण ते परत आपल्याकडे घेऊ नयेत.